ठोंबी, हे तुला दिलं

सोमवार, २ मार्च

ही रोजनिशी फुकट मिळाली असं लेकीचं म्हणणं. फुकटच्या वस्तूचा भाव मी नेहमी दोनदा तपासतो. ही मला पडली ती अशी: सकाळचं वर्तमानपत्र, अकराचा चहा आणि रोजची वीस मिनिटं. कारण या घरात अकराला लेखनतास असतो. तास म्हणायचं, असतो वीस मिनिटांचा. तेवढ्या वेळात प्रत्येकानं आपापल्या वहीत काहीतरी लिहायचं, लहानथोर कुणालाही सूट नाही. घरात मांजर नाही ते बरं, नाहीतर तिलाही वही मिळाली असती.

पण खरं सांगायचं तर स्वारी खुशीत आहे. काल दोन बॅगा आणि हत्यारांची पेटी घेऊन इथे राहायला आलो. एक्केचाळीस वर्षं मोटारी आणि पंप दुरुस्त केले. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं हातानं आणि कानानं शिकलो. मोटार चालू करा, मी डोळे मिटून सांगतो बेअरिंग गेलंय की आतली तार जळलीय. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा वर्कशॉप विकलं. बायको जाऊन पाच वर्षं झाली, स्वतःच्या हातचं खाऊन कंटाळलो होतो. लेक म्हणाली, बाबा, आता या इकडे, मुलांना तुमचा हात लागू दे.

मुलं दोन. नातू नऊ वर्षांचा, प्रत्येक गोष्टीत कलम काढतो म्हणून मी त्याचं नाव ठेवलं वकील. नात सहाची, एका जागी बूड टेकत नाही, ती चुळबुळ. दोघंही शाळेत जात नाहीत, कारण शाळाच घरात आहे. दिवाणखान्यात सोफा नाही, टीव्ही नाही. एक भिंत भरून फळा, मधे लांब टेबल आणि टेबलाला तीन छोट्या खुर्च्या. मुलं दोन, खुर्च्या तीन. तिसरी कुणाची असं विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघून खुसुखुसू हसली. लेक म्हणाली, कळेल उद्या-परवा.

बुधवार, ४ मार्च

कळलं. पण आधी वेळापत्रक, कारण इथे सगळ्याच्या आधी वेळापत्रक.

पावणेसातला उठणे. साडेसातला न्याहारी. साडेआठला सायकलची घंटी वाजते, ती भिंतीवर स्क्रूनं बसवलीय. मग हजेरी, गणित, भाषा, अकराला लेखन, नंतर हातकाम, जेवण. दोन ते तीन शांत तास, म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या खोलीत तोंड मिटून राहायचं. तीनला खेळ. रंगीत खडूनं लिहिलेल्या या यादीत आता मीही आहे: हातकाम, आजोबा. इतकी वर्षं स्वतःचा मालक होतो. आज दहाला चहा मागितला तर लेक म्हणाली, बाबा, मधल्या सुट्टीत.

तिसरी खुर्ची ठोंबीची. ठोंबी म्हणून खरं कुणी नाही. लेक पूर्वी शाळेत शिकवायची. तिचा अनुभव असा की मूल दुसऱ्याला समजावताना स्वतः पक्कं शिकतं. वर्गात चार ढ मुलं आयतीच असतात, घरात कुठून आणायची? म्हणून तिनं एक बनवली. ठोंबीला काही म्हणता काही येत नाही. शांत तासात लेक डाव्या हातानं ठोंबीच्या वहीत चुकीची उत्तरं लिहून ठेवते. सकाळी मुलं लाल पेन्सिल घेऊन ती तपासतात आणि रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून समजावतात. समजावून झालं की म्हणायचं, ठोंबी, हे तुला दिलं. मग लेक नाकातून बारीक आवाज काढते, घेतलं. ती चूक ठोंबी पुन्हा करत नाही, नवी करते.

पोट धरून हसलो. चुळबुळ काय प्रेमानं देते, जणू स्वतःच्या ताटातला घास काढून भरवतेय. वकील मात्र दर वेळी पुस्ती जोडतो: वापरायला दिलं, मालकी माझी. लेक त्याला चिक्कू म्हणते. मला तो धंदेवाला वाटतो. रक्त बोलतं, दुसरं काय.

शुक्रवार, ६ मार्च

दर शुक्रवारी कुटुंबाची बैठक. तक्रार तोंडानं करायची नाही, चिठ्ठीवर लिहून बुटाच्या खोक्यात टाकायची. मी तीन टाकल्या: दहाचा चहा, पावणेसातचं उठणं, आणि त्या घंटीला तेल घाला, फार करकरते.

जावईबापू माणूस लाख मोलाचा, घरी बसून कंप्युटरवर काम करतो, भांडी घासतो, आवाज चढवत नाही. पण बोलतो नोटीस वाचल्यासारखा. तिन्ही चिठ्ठ्या त्यानं गंभीरपणे वाचल्या आणि म्हणाला, नोंद घेतली आहे. चहा नाही तो नाहीच. घंटीला मीच तेल घातलं, तर वकील म्हणाला, आजोबा, ठराव व्हायच्या आधी केलंत, हे नियमात बसत नाही.

मंगळवार, १० मार्च

आज हातकामात दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायला शिकवली. लेकीनं कपाळाला हात लावला. वकिलाला जमली नाही, मग तो म्हणाला की शिट्टी हा विषयच नाही. चुळबुळनं मात्र अर्ध्या तासात अशी सणसणीत मारली की शेजारच्यांनी खिडकी उघडून बघितलं.

एवढं होताच पळाली तिसऱ्या खुर्चीपाशी. बोटं कुठे, जीभ कशी, सगळं सांगितलं, आणि म्हणाली, ठोंबी, हे तुला दिलं. घेतलं, असा आवाज आला. लेक तेव्हा फळ्याजवळ पाठमोरी होती. आवाज मला टेबलाकडून आल्यासारखा वाटला. रिकाम्या भिंतींची खोली आहे, आवाज फिरतो.

गुरुवार, १२ मार्च

चुळबुळला शिट्टी येत नाही. म्हटलं, सराव गेला असेल. पण तसं नाही. शिट्टी म्हणजे काय, असं तिनं मला विचारलं. मी मारून दाखवली तर दचकून आईमागे लपली.

मला पोरांचा राग येत नाही सहसा. आज आला. अर्धा तास घसा सुकवून शिकवावं आणि दोन दिवसांत पाटी कोरी.

ठोंबीच्या वहीत चित्र बघितलं. ओठ, दोन बोटं, जिभेचं टोक कुठे वळवायचं त्याला बाण. मी दाखवलं होतं अगदी तसं. लेकीला म्हटलं, वा, चित्र छान काढलंस. ती म्हणाली, मी नाही, ह्यांनी काढलं असेल.

शुक्रवार, १३ मार्च

बैठकीत मी चिठ्ठी टाकली: ठोंबीची वही कोण लिहितं?

लेक म्हणाली, महिना झाला मी सोडून, वेळच मिळत नाही, हेच लिहितात. जावई म्हणाला, मला वाटलं तूच लिहितेस. मग दोघांनी वकिलाकडे बघितलं. वकील म्हणाला, पुरावा दाखवा. सगळ्यांकडून एकेक ओळ लिहून घेतली, माझ्याकडूनही. कुणाचं अक्षर जुळेना. जावई म्हणाला, मुलांपैकी कुणाची तरी ही कल्पकता आहे, आपण ती दाबू नये. नोंद घेतली आहे.

मी विचारलं, आणि आवाज? लेक म्हणाली, तो मीच काढते ना, बाबा. मंगळवारी शिट्टीच्या वेळी काढलास का, असं विचारलं. म्हणाली, काढला असेल, सवयीनं निघतो.

म्हणजे तिलाही आठवत नाही. या घरात प्रत्येक गोष्टीची नोंद आहे, पत्ता कशाचा नाही.

मंगळवार, १७ मार्च

चुळबुळचा दोनचा पाढा गेला. परवापर्यंत उड्या मारत म्हणायची. बुटाची नाडी बांधता येत नाही, नुसती बघत बसते. डावं-उजवं गेलं. या तिन्ही गोष्टी तिनं या आठवड्यात ठोंबीला समजावल्या होत्या, मी स्वतः ऐकलंय. लेक म्हणते, दमलीय. जावई म्हणतो, शिकण्यात अशी सपाटी येते, मग चढ.

आज शांत तासात झोप लागली नाही. पडल्या पडल्या घर ऐकत होतो, ही जुनी खोड. जावयाच्या बोटांखाली कीबोर्ड. लेक घोरत होती, बारीक. वकील पानं उलटत होता. चुळबुळ शेजारच्या खाटेवर, पायानं भिंतीला टिचक्या मारत होती. चार माणसं, चार आवाज. आणि दिवाणखान्यात कागदावर पेन्सिल चालत होती.

उठून गेलो. दारात पाऊल टाकलं आणि पेन्सिल थांबली. कुणी नव्हतं. भर दुपारचं ऊन टेबलावर, ठोंबीची वही उघडी, शेवटच्या आकड्याची शेपूट अर्धवट. दोनचा पाढा होता. सगळा बरोबर.

गुरुवार, १९ मार्च

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. डोळे, कान, गुडघ्यावर हातोडी. म्हणाल्या, मुलगी ठणठणीत आहे, या वयात पुढे-मागे होतं. घरी येऊन मी स्वच्छ सांगितलं की ते देणं बंद करा, बाकी शाळा राहू दे. ती जे देते ते तिच्याकडून जातं.

लेक आधी हसली. मग म्हणाली, बाबा, मी हेच शिकलेय, हेच शिकवत आले, तुम्ही चौथीच्या पुढे वर्ग बघितलेला नाही. जावई म्हणाला, चिठ्ठी टाका ना, शुक्रवारी घेऊ. मी म्हटलं, घर पेटलं तरी शुक्रवारपर्यंत थांबाल.

दहाला, सुट्टी नसताना, लेक चहा घेऊन आली. कप ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली थोडी. भांडण मिटलं. मुद्दा तिथेच राहिला.

शनिवार, २१ मार्च

काल बैठकीत माझी चिठ्ठी वाचली. नोंद घेतली.

आज सकाळी खुर्ची उचलून अडगळीच्या खोलीत टाकली, कडी लावली. जेवायच्या आत परत टेबलाशी. चुळबुळनं आणली. म्हणाली, ती किती वेळ उभी होती.

मग वही घेतली. फाडायला सुरुवात केली. पान अर्ध्यापर्यंत फाटलं आणि आतल्या खोलीत चुळबुळ किंचाळली. मी धावलो. डोकं दोन्ही हातांनी गच्च धरून जमिनीवर बसली होती, नाकातून रक्ताची रेघ. पान चिकटपट्टीनं जोडलं तेव्हा ती शांत झाली.

लेकीनं वही माझ्या हातातून काढून घेतली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता एवढं समजलं: पोरीचं जे गेलं ते त्या वहीत आहे. जाळून चालणार नाही. काढून घ्यावं लागेल.

सोमवार, २३ मार्च

न्याहारीला चुळबुळ आली, माझ्याकडे बघितलं, आणि आईला विचारलं, हे कोण?

लेकीला वाटलं, शनिवारच्या प्रकारामुळे रुसलीय. रुसलेलं मूल मला ओळखता येतं. हे तसं नव्हतं. अनोळखी माणसाकडे बघावं तसं सभ्यपणे बघत होती. तिनं मला नमस्कारही केला.

काल रविवारी ती खुर्चीशी बराच वेळ गप्पा मारत होती. मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आजोबांची हत्यारांची पेटी, आजोबांचे गुडघे वाजतात, आजोबा घंटीला तेल घालतात. शेवटी दिलं म्हणाली असणार.

आज हजेरीच्या वेळी खुर्चीतून हळूच आवाज आला. आजोबा. लाडानं. माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नाही, लेक तेव्हा नाव घेत होती. मांडीवर बसायला येण्याआधी चुळबुळ ज्या सुरात म्हणायची, तो सूर.

वकिलाला बाजूला घेऊन विचारलं, तुझं काही कसं जात नाही रे? तो म्हणाला, मी कधी देतच नाही, वापरायला देतो, तुम्हाला सांगितलं होतं की.

मंगळवार, २४ मार्च

आमच्या धंद्यात अदलाबदल असते. जुनी मोटार आणा, दुसरी घेऊन जा. दिलेली वस्तू गिऱ्हाईक फुकट परत करत नाही, पण बदली माल दाखवला तर विचार करतं.

शांत तासात ठोंबीच्या समोरच्या छोट्या खुर्चीवर बसलो. गुडघे हनुवटीला. खरं तर लाज वाटत होती, कुणी बघितलं तर काय म्हणेल. आधी वकिलाचं कलम लावून बघितलं: वापरायला देतो. काही नाही. मग म्हटलं, कायमचं देतो, त्याच्या बदल्यात पोरीचा दोनचा पाढा सोड. माझ्याकडचे जुने अपूर्णांकांचे पाढे काढले. पावकी, निमकी, अडीचकी. चौथीत छडी खाऊन पाठ केलेले, पन्नास वर्षांत कुणी विचारले नाहीत. सगळे म्हणून दाखवले. ठोंबी, हे तुला दिलं.

घेतलं. समोरून. तीन फुटांवरून.

वहीतलं दोनच्या पाढ्याचं पान कोरं झालं. तीनला खेळायला सोडलं तर चुळबुळ अंगणात उड्या मारत होती, बे एके बे. लेकीनं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, बघा, मी म्हटलं नव्हतं का. म्हण बाई.

सौदा वाईट नाही. भंगार देऊन सोनं आणलं. अडुसष्ट वर्षांचा माल आहे माझ्याकडे. रोज पोतंभर काढलं तरी ठोंबी थकेल, माझं गोदाम रिकामं व्हायचं नाही.

बुधवार, २५ मार्च

जुन्या गिऱ्हाइकांचे पत्ते दिले. तीनशे तरी असतील, अर्धी माणसं गेलीही असतील. बदल्यात बुटाची नाडी बांधणं परत आणलं. चुळबुळनं आज स्वतः गाठ मारली, मग सोडली, मग पुन्हा मारली. ठोंबीला शिकवायला निघाली होती. हात धरला. तिला कलम पाठ करून घेतलं: वापरायला दिलं, मालकी माझी. माझ्याकडे परकेपणानं बघत होती, पण म्हणाली. वकील खूश.

गुरुवार, २६ मार्च

डावं-उजवं आणि मधल्या काळात गेलेली अक्षरं, दोन्ही परत हवी होती. मोठा माल, तसा बदलीही मोठा द्यायला हवा. मला आता कशाची गरज नाही त्याचा विचार केला. धंदा विकला, आता भाव कुणाशी करायचाय? घासाघीस दिली. कधी उठून जायचं नाटक करायचं, कधी गप्प बसायचं, समोरच्याची निकड कशी ओळखायची. तासभर सांगत होतो. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं.

घेतलं.

आता लिहिताना शंका येते. भाजीवाला दारात आला होता. त्यानं सांगितले तेवढे पैसे मी दिले.

शुक्रवार, २७ मार्च

घोडचूक केली.

आज ठोंबीनं लगेच घेतलं नाही. गप्प बसली. मी वाट बघितली, ती गप्प. मी आणखी टाकलं, ती गप्प. हे मीच— हे कुणाचं तंत्र आहे ते कळतंय, पण यावर काय करायचं ते आठवत नाही. चुळबुळ लाल रंग विसरली होती, त्या एका रंगासाठी माझ्या पाच गोष्टी गेल्या. हातोडीचे प्रकार. पोहणं. लहानपणच्या घराचा रस्ता. आणखी दोन, काय होत्या सांगता येत नाही.

बैठकीत जावई आनंदात. चुळबुळची प्रगती. घरी शिकवणाऱ्या आणखी सहा कुटुंबांना त्यानं ठोंबीची पद्धत कळवलीय, सगळे खुर्ची आणणार आहेत. मी नको म्हणालो. का नको ते सांगायला गेलो तर शब्द— जावई म्हणाला, चिठ्ठीवर लिहा, बाबा.

रविवार, २९ मार्च

पेटी उघडली. आत लोखंडाच्या वस्तू. चांगल्या आहेत, वजनदार. कुणाच्या तरी कामाच्या असतील.

काल मोठा सौदा. आजोबा परत आणले. चुळबुळ मांडीवर येऊन बसली, माझ्या कानाशी म्हणाली, आजोबा, तुमचे गुडघे वाजतात. मला रडू आलं. काय दिलं त्याच्या बदल्यात ते शोधतोय. पहिल्या पानावर लिहिलंय की मला बायको होती. अक्षर माझंच आहे.

लेकीला विचारलं. ती आत गेली, दार लावून घेतलं.

नंतर वेळापत्रकात एक ओळ वाढली. स्मरणाचे व्यायाम, आजोबा, साडेचार.

सोमवार, ३० मार्च

हजेरी. लेकीनं चुळबुळला हाक मारली. खऱ्या नावानं.

चुळबुळ खिडकीबाहेर बघत होती.

हजर — खुर्चीतून.

लेक पुढचं नाव घ्यायला लागली. तिला चालतं. तिला ऐकू आलं, हजर. ती वहीत बघत होती.

पुन्हा हाक मारायला लावली मी. पुन्हा तसंच. पोरीला हलवलं, म्हटलं, तू कोण? ती म्हणाली, मी मालकी माझी असं म्हटलं नाही, आजोबा, रडू नका, तिला नाव नव्हतं म्हणून दिलं.

मंगळवार, ३१ मार्च

ती भाव सांगत नाही. मी सांगायचा. मी सगळं— मोटारी, तारा, सगळे आवाज ज्यावरून कळायचं ते— बेअरिंग म्हणजे काय आता— दिलं म्हटलं. गप्प.

लेकीला सांगितलं. हात धरून सांगितलं. बाबा, शांत तास आहे.

ठोंबीला एकच हवंय. पेन्सिल टेबलावर टकटक वाजवते, थांबते. बघते मला ऐकू येतंय का. मग पुन्हा. ते हवंय. ज्यानं ऐकतो ते.

ते गेलं तर घेतलं म्हणाली की नाही, कसं—

तीन वाजायच्या आत ठरवायचं. चुळबुळ हाकेला बघत नाही. जेवायला बोलावलं तर खुर्ची सरकते.

बुधवार, १ एप्रिल

घंटी हलली. आवाज नाही.

लेकीचे ओठ हलले. नाव घेतलं असणार. मी चुळबुळकडे बघत होतो. तिचे ओठ हलले. तिच्याच खुर्चीत, तिचेच. हात वर केला. हसली.

तिसऱ्या खुर्चीत काय, माहीत नाही. आता कळायचा मार्ग नाही.

लेकीनं समोर वही ठेवली, बोटानं दाखवलं, अकरा. लिहा. हात लिहितो. कशानं, कुणास—

मागची पानं वाचली. कुणा एकानं चोवीस तारखेला लिहिलंय, अडुसष्ट वर्षांचा माल आहे, गोदाम रिकामं व्हायचं नाही. बोटांवर मोजलं. नऊ दिवस पुर—